चौकशीकर

प्रत्येक सोसायटीत एक चौकशीकर असतात. दारावरच्या पाटीवर त्यांचं आडनाव वेगळं असतं, पण ते पोस्टमनपुरतं. मिक्सर घ्यायचा असो, मुलीसाठी स्कूटर बघायची असो की गच्चीच्या गळतीवर कोणता लेप टिकतो हे ठरवायचं असो, "आधी चौकशीकरांना विचारा" असंच सगळे म्हणतात. गृहस्थ साठीच्या पुढचे, बहुधा ऑडिटातून किंवा बँकेतून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक छोटं भिंग आणि घडी घातलेला फुलस्केप कागद. कागदावर डाव्या बाजूला वस्तूचे गुण, वर कंपन्यांची नावं आणि उजव्या टोकाला 'शेरा' असा रकाना. कागद भरला की वस्तू घरात येणार असं ज्याला वाटतं, त्याला चौकशीकर कळलेच नाहीत. कागद भरला की ते पुरवणी जोडतात.

कुणी म्हणेल, चिक्कू असतील. अजिबात नाही. पैसे असतात, खर्चायची तयारीही असते. पण वस्तू घेतली की चौकशी संपते, आणि चौकशी संपल्यावर माणसाने दुपारी करायचं काय? वस्तू घरात आली की तिच्यात फक्त दोष निघू शकतात. दुकानात असते तोवर तिच्याबद्दल प्रश्न विचारता येतात. चौकशीकरांना प्रश्न आवडतात.

आमच्या सोसायटीतले चौकशीकर सदाशिव पेठेतून कोथरूडला आलेले. अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ साली पुण्यात स्थापन झाली आणि ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला, या दोन तारखा ते लग्नाच्या तारखेआधी सांगतात. लग्नाची तारीख काकू सांगतात. "पसंती कळवायला यांनी सहा महिने घेतले. माझ्या बाबांनी दुसरं स्थळ बघायला घेतलं तेव्हा कुठे उत्तर आलं," हेही त्याच सांगतात.

२००४ साली त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाने फोनवर तक्रार केली की, आईबाबा कधी घरी सापडतच नाहीत. सकाळी हास्यक्लब, संध्याकाळी देऊळ आणि कट्टा. घरी असले तरी बाबा गॅलरीत, आई मागच्या खोलीत. फोन दिवाणखान्यात वाजून वाजून थांबतो. तेव्हा आन्सरिंग मशीन असलेला कॉर्डलेस घ्या, पैसे मी पाठवतो. पैशाचा भाग चौकशीकरांनी ऐकलाच नाही. ते कागद शोधायला गेले होते.

त्यांच्या घरचा फोन म्हणजे खात्याने दिलेला डायलचा. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, घाई असेल तर ओवायटीत, म्हणजे 'ओन युअर टेलिफोन' योजनेत, जादा पैसे भरायचे, त्या काळात मिळालेला. काकूंनी त्याला क्रोशाची टोपी केलेली आणि काकांनी डायलला बारकं कुलूप घातलेलं. २००० साली दूरसंचार खात्याच्या कारभारातून बीएसएनएल निघालं, बिलावरचं नाव बदललं, पण फोन तोच राहिला. असा फोन काढून दुसरा आणायचा म्हणजे विषय मुळापासून घ्यायला हवा. म्हणून चौकशीकरांनी तो १८८२ पासून घेतला, कारण मुंबईत त्या साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. जिन्यात भेटलेल्या माणसाला १८८२ पासून कॉर्डलेसपर्यंत यायला दोन मजले पुरत नसत. वरच्या मजल्यावरचे लोक जास्त शिकले.

पहिला प्रश्न फ्रिक्वेन्सीचा. "जुने कॉर्डलेस चाळीस-पन्नास मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात," ते सांगत. "साधा ॲनालॉग आवाज. शेजाऱ्याकडे तसलाच फोन असला तर तुमचं बोलणं त्याच्या कानात." एवढ्यावर कुणीही तो प्रकार बाद केला असता. चौकशीकरांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'उलटही शक्य. विचार करावा.' काकूंनी ते वाचलं आणि त्यांच्या देखत खोडलं.

मग आला दोन पूर्णांक चार गिगाहर्ट्झ. हा डिजिटल, आवाज स्वच्छ. पण चौकशीकरांनी शोधून काढलं की मायक्रोवेव्हची भट्टीही साधारण त्याच फ्रिक्वेन्सीवर चालते. समोरच्या ब्लॉकमध्ये नुकताच मायक्रोवेव्ह आलेला. "म्हणजे त्यांनी ढोकळा लावला की आमच्या कानात खरखर. आणि ढोकळ्याचा एक तुकडा तरी येतो का इकडे?" दोन पूर्णांक चार कागदावरून गेला. जाताना समोरच्यांशी थोडा दुरावा ठेवून गेला.

उरला डेक्ट. हे युरोपातलं तंत्र, १८८० ते १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारं. भट्टीची बाधा नाही, शेजाऱ्याला सहजी ऐकू जाण्याचं भय नाही. दोष सापडेना. चौकशीकर आठवडाभर अस्वस्थ होते. इतकी निर्दोष वस्तू असेल तर किंमत तरी जास्त असणार, या आशेवर ते तपकीर गल्लीत गेले.

पासोड्या विठोबाच्या आजूबाजूच्या त्या गल्लीबोळांत विजेची म्हणून जी वस्तू जगात आहे ती मिळते. दुकानदाराने एक खोकं काउंटरवर ठेवलं.

"काका, हा घ्या. खूप चालतो."

चौकशीकरांच्या लेखी ही अपात्रता. "लोक घेतात म्हणून घ्यायचा असता तर मी चौकशीला कशाला आलो असतो? रेंज किती?"

"मोकळ्यावर तीनशे मीटर. घरात पन्नास."

"घर कुणाचं धरलंय?"

"म्हणजे?"

"भिंती किती इंची? आमच्या बाहेरच्या नऊ इंची आहेत, आतल्या साडेचार. जपानी माणसाच्या घरात कागदाचे पडदे सरकवतात. त्याची पन्नास मीटर आम्हाला काय कामाची?"

दुकानदाराने फोन जोडून दाखवतो म्हटलं. चौकशीकरांनी हँडसेट उचलला. "मी हा घेऊन विठोबापर्यंत जाऊन येतो. तुम्ही इथून बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोला. शेवटची किंमत सांगा."

ते खरोखर गेले. मागोमाग दुकानातला पोऱ्याही गेला, कारण मालकाने डोळ्याने खूण केली होती. विठोबाच्या अलीकडे आवाज तुटायला लागला. नेमका किमतीचा आकडा तुटला. परत येऊन चौकशीकरांनी तुटलेल्या आकड्याला कमीत कमी काय असू शकेल ते धरून घासाघीस सुरू केली.

पुढे बॅटरी. निकेल-कॅडमियमची असेल तर अर्धवट उतरलेली पुन्हा पुन्हा चार्ज करून तिची सवय बिघडते असं म्हणतात. निकेल-मेटल हायड्राइडची असेल तर तो त्रास कमी. चौकशीकरांनी मागचं झाकण उघडून भिंगाखाली सेलवरची अक्षरं वाचली. मग झाकणाचा खटका चार वेळा उघडून लावून पाहिला. पाचव्यांदा दुकानदाराने हात धरला. मग माहितीपुस्तिका मागितली आणि उभ्या उभ्या पहिल्या पानापासून वाचली. फोन पाण्यात बुडवू नये, या सूचनेला त्यांनी मान डोलावली. दुपारचा एक वाजला, शटर अर्धं खाली आलं, तेव्हा ते आन्सरिंग मशीनच्या प्रकरणाशी पोहोचले होते. दुकानदाराने पुस्तिका घरी न्यायला दिली. फोन न घेता पुस्तिका नेणारं ते त्या दुकानाचं पहिलंच गिऱ्हाईक असावं.

आन्सरिंग मशीनचं प्रकरण घरी सावकाश वाचलं गेलं. आवाज धरून ठेवण्याची कल्पना त्यांना नवी नव्हती. डेन्मार्कच्या पाउलसेनने १८९८ साली पोलादी तारेवर आवाज टिपून दाखवला होता, हे जिना चढताना आम्ही ऐकलं होतं. पुढे कॅसेटची यंत्रं आली, मग चिपवर पंधरा मिनिटांच्या आसपास निरोप मावू लागले. चौकशीकरांनी पेन काढलं. पंधरा मिनिटं. सांगलीच्या अक्का फोनवर आधी पाऊस, मग गुडघे, मग सुनेचं माहेर, आणि निघता निघता ज्यासाठी फोन केला ते सांगतात. म्हणजे पंधरा मिनिटांत अक्का सुनेच्या माहेरापर्यंत येणार आणि मशीन भरणार. शेरा : 'आपल्या नातेवाइकांस अपुरे.'

त्याच प्रकरणात त्यांना एक बटण सापडलं आणि ते रात्री दहा वाजता आमच्याकडे आले. बटणाचं नाव टोल सेव्हर. आपण बाहेरगावी आहोत आणि घरच्या मशीनवर निरोप आलेत का ते फोन करून बघायचं आहे. नवा निरोप असेल तर मशीन दुसऱ्या रिंगला उचलतं. नसेल तर चौथ्या-पाचव्या रिंगपर्यंत थांबतं. "म्हणजे तिसरी रिंग ऐकू आली की आपण ठेवून द्यायचा! निरोप नाही हे कळलं आणि मीटर पडलंच नाही. फुकट चौकशी!" त्यांचा आवाज भरून आला होता. परदेशातल्या कुणा अनोळखी इंजिनिअरने आपलं अंतःकरण इतकं ओळखावं याचं त्यांना नवल वाटत होतं. त्या रात्री त्यांनी फोन घेतलाच असता. दुकान बंद होतं म्हणून प्रसंग टळला.

सकाळपर्यंत शंका निघाली. बाहेरगावाहून मशीन चालवायचं तर आकडे दाबून सांकेतिक क्रमांक द्यावा लागतो, आणि त्यासाठी टोनचा फोन लागतो. अक्कांकडे डायलचा. म्हणजे सांगलीहून तिसऱ्या रिंगपर्यंतची चौकशी फुकट होईल, पण निरोप आलाच असेल तर तो ऐकता येणार नाही. "अर्धं ज्ञान," ते म्हणाले आणि दुसरा कागद घेतला.

दरम्यान स्वागताच्या निवेदनाचा मसुदा सुरू झाला. फोन नव्हता, पण मजकूर तयार असावा. 'आम्ही घरी नाही' हे वाक्य काकूंनी उडवलं, चोराला आमंत्रण. 'आम्ही घरी आहोत, पण फोन घेऊ शकत नाही' हे काकांनी उडवलं, अपमानास्पद. शेवटी तयार झालेल्या मजकुरात तीन कलमं होती. निरोप थोडक्यात सांगावा, नाव आधी आणि काम नंतर सांगावं, आणि 'ओळखलंत का' असं विचारू नये. तिसरं कलम मोलाचं होतं. आपल्याकडे फोनचा निम्मा वेळ आवाज ओळखण्याच्या परीक्षेत जातो, आणि त्या परीक्षेला मशीन बसू शकत नाही.

याचा पुरावा सोसायटीतच होता. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी चौकशीकरांच्या व्याख्यानाचा पूर्वार्ध ऐकून मशीनवाला कॉर्डलेस आणला होता. महिन्याभरात त्यावर जमलेले निरोप त्यांनी आम्हाला ऐकवले. पहिला : "हॅलो... हॅलो... अहो, कुणीतरी बोलतंय, पण माझं ऐकत नाहीये." दुसरा : एक दीर्घ श्वास आणि मागे प्रेशर कुकरची शिट्टी. तिसरा : "ठेव, ठेव! बिल पडतंय!" चौथ्यात एका वयस्क बाईंनी मशीनला "जेवलात का?" असं विचारलं होतं आणि उत्तराची वाट पाहिली होती. बँकवाल्यांची मावशी तर रुसली. "मी एवढा फोन केला, तर त्या नटव्या पोरीने मला शिट्टीनंतर बोलायला सांगितलं. कोण आहे ती तुमच्याकडे?"

एव्हाना सोसायटीत पाच कॉर्डलेस आले होते, पाचही चौकशीकरांच्या सल्ल्याने. कुणाला चाळीस मेगाहर्ट्झवाला स्वस्त पडला, कुणाला डेक्ट आवडला. चौकशीकर निवडत नाहीत, पण त्यांनी मागे टाकलेल्यातून दुसऱ्याला निवडता येतं. कुणाचा हँडसेट खरखरला की तो काकांकडे, कुणाचा नंबर दिसेनासा झाला की तो काकांकडे. घरात कॉर्डलेस नसलेला हा एकच माणूस सगळ्यांच्या कॉर्डलेसचं सर्व्हिस सेंटर झाला होता.

डिसेंबरात मुलगा आला आणि त्याने बॅगेतून थेट खोकंच काढलं. अमेरिकन, पाच पूर्णांक आठ गिगाहर्ट्झ, दोन हँडसेट, मशीन आत. घरात शांतता पसरली. चौकशी न करता आलेली ही पहिली वस्तू. काकांनी खोकं हातात घेतलं, वळवून पाहिलं, मग अडॅप्टर काढून भिंगाखाली धरला. हळूहळू चेहरा उजळत गेला.

"एकशेवीस व्होल्ट," ते म्हणाले. "आपल्याकडे दोनशेतीस. प्लग लावला असतास तर धूर."

"बाबा, कन्व्हर्टर आणू ना एक."

"आणू. पण नंबर कसा दिसणार? तिकडचा फोन एफएसके पद्धतीने आलेला नंबर वाचतो. आपल्याकडे बऱ्याच एक्स्चेंजांतून डीटीएमएफने येतो. आणि पाच पूर्णांक आठचा तुटलेला भाग आपल्याकडे दुरुस्त कोण करणार?" मुलगा दमला. फोन काचेच्या कपाटात ताजमहालाच्या प्रतिकृतीशेजारी बसला. येणाऱ्याजाणाऱ्याला काका तो अभिमानाने दाखवत आणि तो का लावला नाही ते सांगत. वापरला असता तर इतका उपयोग झाला नसता.

मग २००५ चा उन्हाळा आला आणि त्याच्याबरोबर भारनियमन. लाईट गेली की सोसायटीतले पाचही कॉर्डलेस मुके. हँडसेटमध्ये बॅटरी असते खरी, पण त्याचं बोलणं तारेपर्यंत पोहोचवणारा बेस भिंतीतल्या विजेवर चालतो. बेस गेला की हँडसेट म्हणजे कानाला लावायची दगडी पाटी. चौकशीकरांचा डायलचा फोन मात्र क्रोशाच्या टोपीखाली ठणठणीत वाजत होता. त्याला वीज एक्स्चेंजमधून, टेलिफोनच्याच तारेवरून येते. तिथे बॅटऱ्यांची फौज अठ्ठेचाळीस व्होल्ट धरून उभी असते, कोथरूडची लाईट गेली काय नि आली काय. हा मुद्दा काकांच्या पहिल्याच कागदावर होता. आम्ही तो १८८२ आणि १८९८ च्या मध्ये कुठेतरी ऐकला होता आणि जिना चढून गेलो होतो.

लोक रांगेने त्यांच्याकडे फोन करायला येऊ लागले. डायलचं कुलूप निघालं, शेजारी पत्र्याचा डबा आला. मग पाहुण्यांनाही काकांचाच नंबर दिला जाऊ लागला : "आमचा नाही लागला तर चौकशीकरांकडे करा." आणि काकांनी एक दोनशे पानी वही घातली.

ती वही मी पाहिली आहे. रकाने आहेत : वेळ, कुणाकडून, कुणासाठी, मजकूर, शेरा. काही नोंदी अशा. 'सकाळी १०.४०. बँकवाल्यांचे मेव्हणे. शनिवारी येत नाहीत. शेरा : कारण सांगितले ते पटले नाही.' 'दुपारी १२.०५. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना पेशंट. पोटात दुखते. काल काय खाल्ले विचारले. श्रीखंड. शेरा : प्रमाण सांगण्यास टाळाटाळ.' 'सायंकाळी ५.२०. मुलीकडच्यांचा फोन, समोरच्यांसाठी. पत्रिका जुळते म्हणतात. शेरा : मुलगा पाहावा, पत्रिका राहू दे. ढोकळा बरा करतात असे कळते.'

निरोपाला वेळेची मर्यादा नव्हती; अक्का पहिल्यांदाच ज्यासाठी फोन केला तिथपर्यंत पोहोचल्या. "ओळखलंत का?" याला उत्तर मिळत होतं. बाहेरगावी गेलेल्या माणसाने काकांना फोन केला की सगळे निरोप वाचून दाखवले जात, तेही डायलच्या फोनवरून, सांकेतिक क्रमांक न देता. टोल सेव्हरही होता. निरोप नसेल तर काका फोन उचलतच नसत. रिंग वाजत राहिली की समजायचं, काही नाही. त्यांनी दीड वर्ष ज्याची चौकशी केली ते सगळे गुण एका यंत्रात नव्हते, पण एका खुर्चीत बसलेले होते. बँकवाल्यांच्या मावशीचा रुसवासुद्धा गेला. या मशीनने तिला आधी "जेवलात का?" असं विचारलं होतं.

सोसायटीला संकोच वाटू लागला. माणूस किती करतो, आणि त्याच्या घरी साधा कॉर्डलेस नाही. काकांच्या पंच्याहत्तरीला वर्गणी काढून चांगला मशीनवाला कॉर्डलेस आणि जोडीला इन्व्हर्टर भेट द्यावा असं बैठकीत ठरलं. वर्गणी भराभर जमली. बोलणी अडली ती कोणता घ्यायचा इथे. दोन तास चर्चा झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की हे विचारायला पुण्यात माणूस एकच आहे. अध्यक्ष आणि दोघं सभासद काकांकडे गेले. काकांनी ऐकून घेतलं, गहिवरले, खिशातून कोरा फुलस्केप काढला आणि म्हणाले, "यंदा घेऊ नका. पुढच्या वर्षी भाव उतरणार आहेत. तोवर पैसे नुसते पडून ठेवू नका, मुदत ठेवीत टाका."

कोणत्या बँकेत टाकायचे याची चौकशी सध्या चालू आहे.